सोंगमाशाची तहान

पूर्वी अपरांत देशातल्या शूर्पारक नगरात सुवेल नावाचा राजा राज्य करीत असताना, तिथून दोन दिवसांच्या वाटेवर, खाडीच्या मुखाशी माडवेळ नावाचं कोळ्यांचं एक गाव होतं आणि बोधिसत्त्व त्या गावचा नायक होऊन राहिला होता. राजाचा आणि या कथेचा संबंध तेवढाच. माडवेळीत कुणी राजाला पाहिलं नव्हतं आणि राजाने माडवेळ पाहिली नव्हती. नायकाला मात्र तान्ह्या पोरापासून सगळे ओळखत. तडफडणारी मासळी बघवत नाही म्हणून तरुणपणीच त्याने जाळं खांद्यावरून उतरवलं होतं. पण ज्यांची पोटं जाळ्यावर होती त्यांना त्याने कधी उपदेशाचे डोस पाजले नाहीत. तो त्यांच्या होड्यांच्या फटींत काथ्या ठासायचा, वरून राळेचा लेप द्यायचा आणि होडी पाण्यात गेली की ती परत येईपर्यंत किनाऱ्यावर बसून राहायचा.

माडवेळीत सोंगमाशावर लहानथोरांचा विश्वास होता. दर्या माणूस घेतो तेव्हा बहुधा देह तरी परत देतो. नाही दिला, तर तो सोंगमाशाला मिळाला म्हणायचं. सोंगमासा ती कातडी अंगरख्यासारखी चढवतो, ओहोटीला किनाऱ्यावर येतो आणि त्या माणसाच्या दाराशी उभा राहून घरच्यांना नावाने हाक मारतो. दार उघडलं की संपलं. त्या घरातलं सगळ्यात लहान मूल तो समुद्रात घेऊन जातो. त्याला ओळखायच्या खुणा सगळ्यांना पाठ होत्या. त्याचे ओठ पांढरे आणि फाटलेले असतात. आवाज घोगरा असतो. कातडी सोलवटलेली आणि सैल असते, कारण ती त्याची स्वतःची नसते. उन्हाकडे त्याला नीट बघवत नाही. आणि आल्या आल्या तो पाणी मागतो, कारण समुद्रात सगळं असलं तरी गोडं पाणी नसतं.

म्हणून गावाने एक रीत घालून ठेवली होती. बारा दिवस वाट पाहायची. बाराव्या दिवशी नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालींचा, माणूस करून तो जाळायचा, बायकोने हातातल्या शंखाच्या बांगड्या फोडायच्या आणि मेलेल्याचं नाव सगळ्यांनी मिळून दर्याला देऊन टाकायचं. ते नाव पुन्हा गावात कुणी उच्चारायचं नाही. त्यानंतर त्या रूपात कुणी आलंच, तर नायकाने हातात काठी घेऊन तीनदा ‘परत जा’ म्हणायचं आणि मागे उभ्या असलेल्या गड्यांनी बांबूंनी त्याला पाण्यात लोटायचं.

वाचणाऱ्याला वाटेल, काय हे वेडे लोक! दर्यावर ज्याने कुणाला गमावलं नाही त्याला तसं वाटणं सोपं आहे.

त्या गावात पोवळी नावाची एक तरुण बाई राहत होती. तिचा नवरा दामा पावसाळा ओसरल्यावर तिघा जणांबरोबर होडी घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वादळ उठलं. तिघांचे देह किनाऱ्याला लागले. दामाचा नाही लागला. बाराव्या दिवशी सोडणांचा माणूस जळाला, बांगड्या फुटल्या, नाव दर्यात गेलं. पोवळी मोठ्याने रडली नाही. पाच महिन्यांची लेक अंगावर पीत होती, आणि आई रडली की दूध आटतं असं तिची सासू रेवा म्हणाली होती. सासूही रडली नाही. दोघी एकमेकींच्या धाकाने कोरड्या राहिल्या.

एकोणिसाव्या दिवशी सकाळची कामं उरकून पोवळी ओट्यावर मासळीला मीठ चोळत बसली होती. रेवा अंगणात सुक्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती. समोरून, ओहोटीच्या ओल्या वाळूतून, एक माणूस येताना दिसला. तो चालत होता, बसत होता, परत उठत होता. कमरेला चिंधी. ओठ पांढरे. खांद्यांवरची कातडी निघून लोंबत होती. उन्हाने डोळे चुरचुरत होते म्हणून त्याने हात कपाळाशी धरला होता. अंगणाच्या कडेला येऊन तो थांबला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पोवळे, पानी.”

पोवळीच्या छातीत एकदम आनंद उसळला. तो एका श्वासापुरता टिकला. दुसऱ्या श्वासाला तिने एकेक खूण ओळखली. घरात झोळीत लेक निजली होती. पोवळी उठली, आत गेली आणि दाराला अडसर घातला. मग दाराला पाठ लावून ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबला.

बाहेर तो आवाज म्हणाला, “आये, तू तरी बघ की गो माझ्याकडं.”

रेवाने भिंतीकडे तोंड फिरवलं. पोटच्या पोराकडे पाठ करणं आईला किती जड गेलं असेल ते तिचं तिला ठाऊक. तिने भिंतीशीच ठेवलेला शंख उचलला आणि फुंकला.

गाव धावून आलं. पुढे विरक होता, चांगल्या पन्नाशीचा, गावातली सगळ्यात मोठी होडी हाकणारा तांडेल. हातात बांबू. त्याच्या मागे वीस-पंचवीस गडी. सगळ्यांच्या मागून काथ्याचे धागे अंगावर तसेच घेऊन नायक आला. दाराच्या फटीतून पोवळी सगळं बघत होती.

“काठी घ्या, नायकबाबा,” विरक म्हणाला. “भरती लागायच्या आत आटपूया.”

नायकाने काठी घेतली. तो त्या माणसासमोर गेला आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो वळला आणि म्हणाला, “कुनाच्या घरात गोडं पानी हाय?”

लोकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“मी इचारतोय, पानी कुनाकडं हाय?”

कुणी हललं नाही. नायकाने काठी तिथेच ओट्याला टेकून ठेवली, स्वतः विहिरीवर गेला, पोहरा भरून आणला आणि करवंटीने थोडं थोडं पाणी त्या माणसाच्या ओठांना लावलं. एकदम दिलं तर उलटून पडेल, म्हणून घोट घोट. लोक दहा पावलं मागे सरले.

“नायकबाबा, खुना दिसत नायत का तुमाला?” विरक ओरडला. “व्हट बघा. कातडी बघा. आल्या आल्या पानी मागितलंय त्यानं!”

“दिसतात की,” नायक म्हणाला. “पन विरका, एकोणीस दिवस उन्हात आनि खाऱ्या पान्यात राहिलेल्या मानसाच्या अंगावर दुसऱ्या कंच्या खुना असतील, तेवढं मला सांग.”

विरकच्या तोंडावरचा रंग उडाला. मग तो अधिकच मोठ्याने म्हणाला, “आनि तो मानूस नसला तर?”

“नसला तर सोंगमासा हाय म्हन. मग सोंगमाशाला तहान लागलीय.”

हे बोलणं ऐकून कुणाला हसू आलं नाही. म्हातारा वेडा झाला, असं दोघेतिघे उघडच म्हणाले. विरक म्हणाला, “तुमचं काय जातंय? तुमच्या घरात मूल नाय. आमच्या झोळ्या भरलेल्या हायत.”

ते मात्र नायकाला पटलं. लोक भ्यालेले होते आणि भ्यायचं कारण त्यांच्या घराघरांत निजलेलं होतं. आपल्या खात्रीची किंमत दुसऱ्याच्या लेकराने का मोजावी? त्याने ओट्याला टेकलेली काठी उचलली आणि विरकच्या हातात दिली. त्या काठीबरोबर खाडीकाठची माडांची वाडी जात होती, गावच्या प्रत्येक लग्नातला पहिला मान जात होता आणि म्हातारपणी दोन वेळची पेज जात होती. ते सगळं त्याने जुनी फणी देऊन टाकावी तितक्या सहज दिलं.

“नायकाला गावाच्या रीतीबाहेर जाता येत नाय,” तो म्हणाला. “म्हनून मी आता नायक नाय. याला घेऊन मी वाळूच्या दांड्यावर जाऊन राहतो. ती जागा शिवेबाहेर हाय. तुमची पोरं इकडं, आमी तिकडं.”

मग त्याने त्या माणसाचा हात आपल्या गळ्यात घेतला आणि दोघे निघाले. फटीतून पोवळीला त्यांच्या पाठी दिसल्या. एक वाकलेली, एक सोललेली.

वाळूचा दांडा म्हणजे खाडीच्या मुखाशी साठलेली वाळूची लांब पट्टी. ओहोटीला चिखलातून तिथवर चालत जाता येई आणि भरतीला तिच्या चारी बाजूंना पाणी होई. झाड नाही, सावली नाही, गोड्या पाण्याचा थेंब नाही. नायकाने चार काठ्या रोवून वर जुनं शीड बांधलं. रोज ओहोटी लागली की तो दोन मडकी घेऊन चिखल तुडवत गावच्या विहिरीवर यायचा, पाणी भरायचा आणि परत जायचा. विहिरीवर त्याला कुणी अडवलं नाही. बोललंही नाही. बायका कळश्या घेऊन बाजूला व्हायच्या आणि तो गेला की त्याने हात लावलेल्या दोरीवरून पाणी ओतायच्या. म्हाताऱ्याने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच येताना स्वतःची दोरी आणू लागला.

तीन दिवस पोवळी लांबून बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने बरोबर तो यायच्या वेळी विहिरीवर कळशी नेली.

“तो काय म्हनतो?” तिने विचारलं. तिने नाव घेतलं नाही.

नायक दोरी ओढत राहिला. “वादळात होडी फुटली, डोलकाठीचा तुकडा हाताला लागला. दूर कुठं खडकावर जाऊन पडला. खडकाच्या खळग्यांत पावसाचं पानी होतं, ते पुरलं तवर प्याला. कालवं फोडून खाल्ली. पानी आटलं तवा परत त्याच लाकडावर पडून निघाला. हे सगळं एकदा सांगितलं. आता फारसं बोलत नाय.”

“दुसरं काय इचारतो?”

“लेकीचा खोकला गेला का, इतकंच इचारतो. रोज.”

पोवळी कळशी तिथेच टाकून घरी आली. तिला रडू फुटलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. दामा जाण्याच्या आदल्या दिवशी लेक खोकत होती हे खरं. दुसरं कुणाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. पण सोंगमासा दुसरं काय विचारणार? त्याला लेकच तर हवी असते! तिने सासूला सांगितलं. रेवा म्हणाली, “तो पुसनारच.” यातला ‘तो’ कोण, हे पोवळीने विचारलं नाही. रेवालाही ते सांगता आलं नसतं. आपला माणूस मेला असता तर रडून मोकळं होता आलं असतं, परत आला असता तर धावत जाता आलं असतं. पोवळीला दोन्ही करता येत नव्हतं. ती मिठात हात बुडवून बसून राहायची आणि मीठ चोळायचं विसरून जायची.

आठव्या दिवशी ओहोटी लागली आणि नायक आला नाही. नवव्या दिवशीही नाही. दांड्यावर शीड दिसत होतं. त्याखाली हालचाल होती की वाऱ्याने कापड हलत होतं, ते किनाऱ्यावरून कळेना. विहिरीवर बायका कुजबुजल्या की म्हाताऱ्याला खाल्लं असेल.

पोवळीने ऐकलं आणि पहिल्यांदा तिच्या मनात भीतीऐवजी साधा हिशेब आला. दोन दिवस. दोन मडकी. परवाचंच पाणी. तिकडे जो कुणी असेल तो दोन दिवस तहानलेला आहे, आणि त्याच्याबरोबर तो म्हाताराही. ती घरी आली, मोठी घागर उचलली आणि लेक सासूपुढे धरली.

“धर हिला.”

रेवाने नातीला घेतलं. “मी आवस गो त्याची,” ती म्हणाली. “मी पाठ फिरवली. शंख पन मीच फुंकला. तू जा. हिला मी मांडीवरून खाली ठेवनार नाय, त्याची काळजी करू नको. जा.”

विहिरीवर विरक उभा होता. नायकपणाची काठी त्याच्या हातात होती. हातात आल्यापासून ती कशी धरायची ते त्याला अजून जमलेलं नव्हतं.

“कुठं चाललीस?”

“पानी द्यायला.”

“शीव ओलांडलीस तर परत येता येनार नाय.”

पोवळीने पोहरा सोडला. घागर भरेपर्यंत विरक तसाच उभा राहिला. मग तो खालच्या आवाजात बोलू लागला. इतका कणखर माणूस, पण त्याचा आवाज पोराच्या आवाजासारखा बारीक झाला.

“तुला ठाव नाय. तू तवा जन्मली नव्हतीस. माझा बापूस बुडाला तवा देह मिळाला नव्हता. बावीस दिवसांनी तो आला. अंगनात उभा राहून माझं नाव घेतलं त्यानं. पानी मागितलं. हेच व्हट, हीच कातडी. मी तवा वीस वर्साचा. बांबू धरनाऱ्यांत मी पुढं होतो. दुसऱ्या दिवशी देह किनाऱ्याला लागला, तर म्हातारे म्हनाले, सोंगमासा कातडी टाकून गेला बघ. मी ते धरून बसलो. आता हा मानूस ठरला, पोवळे, तर तो पन मानूसच होता ना?”

पोवळीला या माणसाचा आठ दिवस राग येत होता, तो कुठच्या कुठे गेला. तिने घागर कमरेवर घेतली आणि त्याच्या अंगावरून पुढे निघाली. विरकने तिला अडवलं नाही.

चिखल गुडघ्यापर्यंत होता. ओहोटी संपत आली होती आणि लांबच्या वाळूवर भरतीचं पहिलं पाणी चढू लागलं होतं. दांड्यावर पोचली तेव्हा शिडाच्या अलीकडेच तिला बोलणं ऐकू आलं आणि तिचे पाय थबकले.

“बाबा, मला आता जाऊ दे,” दामाचा आवाज होता. तो फार बदलला नव्हता, नुसता सुकला होता. “माझ्यापायी तुझा पाय गेला. माझ्यापायी तुझं पानी बंद झालं.”

“पाय पाकट माशाच्या काट्यानं सुजलाय. पाकट काय तुझा सोयरा हाय?” नायक म्हणाला. बोलताना तो कण्हत होता.

“चेष्टा नको. खडकावर मधले काही दिवस मला माझं नावच आठवत नव्हतं. कोन होतो मी त्या दिवसांत? मी शुद्धीवर आलो तवा हात बघितले तर कातडी अशी लोंबलेली. लहानपनापासून ज्या खुना ऐकल्या त्या सगळ्या माझ्या अंगावर हायत. माझी आवस मला बघून फिरली. आवस चुकंल का? मी मरून गेलो असंन, बाबा. आनि हा जो बोलतोय तो दुसराच कोन असंल, नि त्याचं त्यालाच ठाव नसंल. लेकीची आठवन येते ना मला, ती दिवसरात येते. ती आठवन बापाची हाय का त्या माशाची भूक हाय, ते मला कसं कळनार? भरती लागलीय. मी जातो. म्हंजे माझी पोर सुखानं निजंल.”

“दामा, बस खाली!” नायक म्हणाला. गावाने टाकलेलं नाव तो आठ दिवस बिनदिक्कत घेत होता. तो उठायला गेला आणि कोसळला.

पोवळी शिडाला वळसा घालून पुढे आली तेव्हा दामा पाण्यात शिरलाही होता. म्हातारा कोपरांवर सरपटत त्याच्या मागे चालला होता आणि त्याच्या सुजलेल्या पायाची वाळूत रेघ उमटत होती. पोवळीने घागर जपून खाली ठेवली. अशा वेळीही पाणी सांडू नये हे तिला सुचलं. मग ती धावली.

सोंगमासा मूल न्यायला येतो. हा मूल वाचवायला चालला होता. तिने काही याचा मनाशी विचार केला नाही. तेवढी उसंतच नव्हती. पण जे ऐकलं ते तिच्या आत कुठेतरी घट्ट बसलं आणि भीती तिथून उठून गेली.

“दामाऽऽ!”

ते नाव खाडीवरून गावापर्यंत गेलं. पंधरा दिवसांनी ते नाव गावाच्या कानांवर पडलं. सुकवणीवरच्या बायकांनी माना वर केल्या.

दामा वळला नाही. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. “मागं फिर, पोवळे,” तो म्हणाला. “मी कोन ते मला ठाव नाय.”

“मला पन ठाव नाय!” पोवळी ओरडली. ती रडत होती, भांडत होती, दोन्ही. लाटेने तिला आडवं पाडलं, ती उठली. “मानूस अस, नाय तर मासा अस. जो कोन असशील तो घरी चल. तुला तहान लागलीय, मी पानी आनलंय!”

तिने मागून त्याला मिठी मारली. सोललेल्या कातडीला खारं पाणी आणि तिची बोटं झोंबली असतील, कारण तो कळवळला. आणि मग, आठ दिवसांत जो माणूस म्हाताऱ्यासमोर रडला नव्हता, तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला.

दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उचलून शिडाखाली आणलं. पोवळीने आधी नायकाला पाणी दिलं. त्याने दामाकडे बोट केलं. तिने दामाला दिलं. त्याने नायकाकडे बोट केलं. शेवटी ती चिडून म्हणाली, “आता घागर उपडी करीन हां मी!” तेव्हा कुठे दोघे मुकाट्याने प्याले.

भरती पुरती चढली. परतीची वाट पाण्याखाली गेली होती आणि तसंही तिला परत यायची मनाई होती. पोवळी शिडाच्या सावलीत बसून नायकाचा पाय धूत होती, तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला. एक लहान डोंगी दांड्याला लागली. तीत विरक एकटाच होता. त्याच्या हातात काठी नव्हती.

तो उतरला नाही. दामाने आणि पोवळीने नायकाला डोंगीत निजवलं, मग ते स्वतः चढले. डोंगी अर्ध्या खाडीपर्यंत आली. मग वल्हं तसंच पाण्यात धरून, दामाकडे न बघता, विरकने विचारलं, “लई तहान लागली होती का रे?”

तो हे कुणासाठी विचारतोय ते पोवळीला कळलं. दामाला कळलं नव्हतं, पण त्याने खरं सांगितलं. “लागली होती. पन घर दिसलं तवा वाटलं, आता मिळंल.”

विरकचे खांदे हलू लागले. वल्हं त्याच्या हातून सुटलं. नायक कसाबसा उठून बसत पुढे सरकला, त्याने त्या पन्नाशीच्या गड्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्याने त्याला दोष दिला नाही, आणि तुझा दोष नाही असंही खोटं सांगितलं नाही. दामाने वल्हं उचललं आणि डोंगी गावाकडे घेतली.

किनाऱ्यावर सारं गाव उभं होतं. कुणाच्या हातात बांबू नव्हता. रेवा गुडघाभर पाण्यात पुढे आली होती, नात छातीशी धरून. तिने मांडीवरून खाली ठेवणार नाही म्हटलं होतं, पण डोंगी लागली तशी तिने ते मूल दामाच्या हातांत दिलं. मुलीने त्या अनोळखी दाढीकडे बघून तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. दामा इतका हसला की त्याचे ओठ पुन्हा फाटले.

गावाने नायकपणाची काठी परत देऊ केली. बोधिसत्त्वाने ती घेतली नाही. विरकनेच ती ठेवावी असं तो म्हणाला, कारण त्या गावात दाराशी आलेल्याला परत लोटण्याची किंमत विरकइतकी कुणालाच माहीत नव्हती. विरकने नायक म्हणून एकच नवी रीत घातली. समुद्रातून कुणीही येवो, माणूस किंवा मासा, त्याला आधी पाणी द्यायचं. माडवेळीत सोंगमाशाच्या गोष्टी त्यानंतरही सांगत, पण आता त्यांत तो पाणी पिऊन निघून जाई. बोधिसत्त्व आयुष्यभर होड्यांच्या फटी बुजवीत राहिला आणि आयुष्य सरल्यावर आपल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, जेतवनात भिक्षूंना सांगितली, तिला कारण असं झालं. अंगभर फोड उठलेला एक भिक्षू लांबच्या प्रवासाने विहाराच्या दाराशी आला होता. हा खरोखर संघातला, की चीवर नेसलेला कुणी भामटा, याची चौकशी होईपर्यंत भिक्षूंनी त्याला उन्हात बसवून ठेवलं. म्हाताऱ्या आईला घेऊन वाटेने जाणाऱ्या एका उपासिकेने त्याला पाणी पाजलं. शास्त्याला हे कळलं तेव्हा त्याने स्वतः येऊन त्या भिक्षूचे फोड धुतले आणि धुता धुता ही जुनी हकीकत सांगितली.

शेवटी तो म्हणाला, “भिक्षूंनो, त्या वेळचा दामा हा इथे निजलेला भिक्षू होता. पोवळी ही पाणी देणारी उपासिका होती आणि रेवा हिच्याबरोबर आलेली हिची म्हातारी आई होती. दाराशी चौकशीला उभा होता तो भिक्षू विरक होता. त्याचे डोळे आत्ताच भरून आले आहेत, त्याला कुणी काही बोलू नका. बांबू घेऊन जमलेले गावकरी तुम्ही होता. आणि नायक मी होतो. समोरचा कोण आहे हे कळायच्या आधीच जी पाणी द्यायला उठते, तिचं नाव करुणा.”